दादरचं मिनिएचर प्रदर्शन : रंगकाम पहिल्या दर्जाचं, उजेड तिसऱ्या

गेल्या शनिवार-रविवारी दादर पश्चिमेच्या एका सभागृहात वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावरच्या लढाईच्या खेळाच्या, रंगवलेल्या मिनिएचरचं (छोट्या पुतळ्यांचं) प्रदर्शन भरलं होतं. प्रवेश मोफत, आत एसी, बाहेर रानडे रोडची नेहमीची रेटारेटी. मधोमध खेळाची दोन मोठी टेबलं, भिंतीलगत काचेची कपाटं, एका कोपऱ्यात मुलांसाठी ‘रंगवून पाहा’ आणि दाराशी रंग-ब्रशांचा स्टॉल. निकाल आधीच देऊन टाकू: रंगकाम मुंबईत एरवी बघायला मिळत नाही इतकं चांगलं होतं, आणि मांडणीनं त्यातलं निम्मं झाकून टाकलं. पुढच्या वेळी भरलं तर जरूर जा, पण काय शोधायचं हे ठरवून जा.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. टेबलावर टेकड्या, नद्या, गावं मांडायची, दोन फौजा समोरासमोर उभ्या करायच्या, मोजपट्टीनं चाल मोजायची आणि फाशांनी निकाल लावायचा. प्रशियाच्या सैन्यानं १८२४ साली अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी उचलून धरलेला ‘क्रीग्सश्पील’ हा याचा पूर्वज. त्यात नकाशावर ठोकळे सरकवत. आजच्या पोरांना खेळ ठाऊक आहे तो नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपमुळे. त्यांचा ‘वॉरहॅमर’ १९८३चा, अंतराळातला ‘वॉरहॅमर ४०,०००’ १९८७चा, आणि रंगकामाची त्यांची ‘गोल्डन डीमन’ स्पर्धाही १९८७ पासूनची. फौज बहुतेक वेळा रंगवलेली मिळत नाही. राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग येतात. कापा, घासा, चिकटवा, रंगवा. खेळायला दोन तास आणि रंगवायला दोन महिने, असा हा मामला.

मिनिएचर बघताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हे किती अंतरावरून बघण्यासाठी रंगवलंय? खेळायची फौज दोन-तीन फुटांवरून बघितली जाते. तिथून डोळ्यातलं बुबुळ दिसत नाही. दिसते ती कडा, सावली आणि झेंडा. म्हणून खेळासाठी रंगवणारा सावली गरजेपेक्षा गडद ठेवतो आणि कडा गरजेपेक्षा उजळ. तीच फिगर डोळ्याजवळ नेली की भडक वाटते. उलट, कपाटासाठी रंगवलेली फिगर सहा-आठ इंचांवरून बघायची असते. तिच्यातले रंग इतके हळूहळू बदलत जातात की तीन फुटांवरून ती सपाट, थोडी मळकटच दिसते. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर. या प्रदर्शनात झालं असं, की कपाटासाठीच्या फिगर दोरीपलीकडे तीन फुटांवर होत्या आणि खेळाच्या फौजा नाक लावून बघता येतील अशा टेबलाच्या अगदी कडेला. म्हणजे बरोबर उलटं.

त्यात सभागृहाचा उजेड. छताला थंड, निळसर पांढऱ्या ट्यूबा, त्यांचा प्रकाश सरळ डोक्यावरून. शिरस्त्राण किंवा पगडीच्या खाली चेहरा काळोखात जातो, आणि चेहरा हेच तर रंगवणाऱ्याचं सगळ्यात जास्त वेळ घेतलेलं काम. कपाटांत एलईडीची पट्टी लावली होती, पण मागच्या कडेला. फिगर मागून उजळ, पुढून काळी. हीच पट्टी कपाटाच्या पुढच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूला साधारण ४५ अंशांत तिरकी करून लावली असती तर निम्मी तक्रार संपली असती. उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या आसपास, आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, ९० च्या वर. हा दुसरा आकडा बघूनच पट्टी घ्या, कारण स्वस्त पट्टीखाली लाल रंग तपकिरी दिसतो आणि कातडीचे रंग मेल्यासारखे. लोहार चाळीत बारा व्होल्टची अशी पट्टी मिळते. दुकानदाराला सीआरआय विचारा, उत्तर ‘एकदम ब्राइट आहे’ असं आलं तर पुढच्या दुकानात जा. खाली पांढरं कापड अंथरलं होतं तेही चुकलंच. पांढऱ्यावर फोन उजेड कमी करून टाकतो आणि फोटोत फिगर काळपट येते. मधला राखाडी कागद पुरे.

आता टेबलांकडे. पहिलं टेबल असईच्या लढाईचं, आणि सगळ्या प्रदर्शनात रेंगाळावं असं हेच. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला शिंदे-भोसल्यांची फौज, तिच्यातली कवायती पायदळाची कमान शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपियन अधिकाऱ्याकडे. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. समोरासमोर असलेली दोन गावं बघून मध्ये नदी ओलांडण्याजोगा उतार असणारच हे ताडून वेलस्ली नदी उतरला आणि मराठी फौजेच्या बगलेवर आला. पोलमननं आपली रांग काटकोनात फिरवली. टेबल मांडणाऱ्यांनी नेमका हाच क्षण पकडलाय: तोफा नव्या रांगेत येऊन थांबल्यात, पायदळाच्या काही पलटणी अजून वळतायत. तिरक्या उभ्या केलेल्या बेसांतून (फिगर ज्यांवर चिकटवतात त्या बैठकांतून) ती हालचाल कळते. लढाई ज्यांनी नीट वाचली आहे त्यांनीच हे मांडलंय, यात शंका नाही.

फिगर १५ मिमीच्या, म्हणजे साधारण १/१०० प्रमाणातल्या. या मापाला रंगवायची रीत वेगळी, आणि इथे ती धडा म्हणून दाखवावी इतकी स्वच्छ होती. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, गडद तपकिरी. पांढरा प्रायमर घेतला की ब्रश न पोचलेली प्रत्येक खाच पांढरी चमकते. तपकिरी घेतला की तीच खाच सावली होऊन बसते. त्यावर अंगरखा, कातडी, बंदुकीचं लाकूड असे तीन-चार सपाट रंग, मग एक पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग), आणि शेवटी फक्त डोकं, खांदे आणि नाक एवढ्याच ठिकाणी उजळ रंगाचा ठिपका. छातीवरचे आडवे-तिडवे पांढरे पट्टे नीट बघा: आधी रुंद गडद राखाडी रेघ आणि तिच्यावर बारीक हस्तिदंती रेघ. पांढऱ्याच्या दोन्ही कडांना राखाडीचा केसभर दोरा उरतो आणि त्यामुळे पट्टा तीन फुटांवरूनही वेगळा दिसतो. अशा पलटणीमागून पलटणी. हाताला सवय असल्याशिवाय ही एकसारखी रेघ येत नाही.

खोड एकच, पण जाणकाराला खुपणारी. वेलस्लीकडच्या स्कॉटिश हायलंडर पलटणींतली ७८ वी पलटण ‘रॉस-शायर बफ्स’ म्हणून ओळखली जाई, ती तिच्या कॉलर-कफांच्या रंगावरून. बफ म्हणजे फिकट, मातकट पिवळा, कच्च्या चामड्यासारखा. टेबलावर तो लख्ख लिंबू पिवळा होता. शेजारीच उभ्या १९ व्या लाइट ड्रगून या घोडदळाचा पिवळा बरोबर आहे. बहुधा तीच बाटली पुढे वापरली गेली. हस्तिदंती रंगात थोडा यलो ऑकर आणि नखाएवढा तपकिरी घातला की बफ होतो. १५ मिमीला कफ म्हणजे ठिपकाच, अर्ध्या तासात सगळी पलटण दुरुस्त होईल.

जमिनीबद्दल मात्र जास्त बोलायला हवं. इतकी मेहनत करून मराठवाड्यातल्या लढाईला इंग्लंडची हिरवळ का? तयार मिळणारं स्टॅटिक ग्रास (बारीक तंतूंचं नकली गवत) एकाच हिरव्या रंगात टेबलभर पसरलेलं, आणि मॉडेल-रेल्वेच्या पाकिटातली सूचिपर्णी झाडं. जालन्यात पाइन! सप्टेंबरअखेर पाऊस नुकताच सरत आलेला असतो. काळी माती, तिच्यावर उभी पिकं, बांधाला बाभळी, गावाजवळ लिंब-चिंच. नदी निळी रंगवली होती. पावसाळ्याच्या शेवटी केळणा निळी कशी असेल? गढूळच असणार. उपाय महाग नाही. काळ्या मातीसाठी चाळलेली बारीक वाळू पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलनं बसवायची (दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी), वाळली की काळपट तपकिरी रंग आणि त्यावर राखाडी-तपकिरीचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून घासायचा, अगदी हलका. गवत दोन-तीन लांबींचं, हिरवं आणि पिवळट मिसळून, सलग न पसरता पुंजक्यांनी. बाभळीसाठी तांब्याच्या तारा पिळून खोड, त्यावर एम-सीलचा पातळ थर, आणि पालवी विरळ, वरून छत्रीसारखी पसरट. नदीला आधी गढूळ तपकिरी रंग, मग ग्लॉस वॉर्निशचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. एकाच जाड थरात काम उरकायला गेलं की तो मधे दुधाळ राहतो.

दुसरं टेबल ‘वॉरहॅमर ४०,०००’चं. निळ्या चिलखताच्या स्पेस मरीनची एक फौज आणि समोर टिरानिड किडे. गर्दी इथेच जास्त होती. निळी फौज गेम्स वर्कशॉपच्याच रंगांनी आणि पुस्तकी पद्धतीनं: मॅक्रॅग ब्लू सपाट, खाचांत नल्न ऑइलचा वॉश, कडांना कॅल्गर ब्लू, आणि अगदी टोकांना फेन्रिशियन ग्रे. पद्धत पुस्तकी असली तरी हात सफाईदार. कडेची रेघ मारताना ब्रशचं टोक नव्हे तर त्याची बाजू कडेवरून ओढायची असते; टोकानं मारलेली रेघ थरथरते आणि जाड होते. इथल्या रेघा सरळ होत्या, फक्त गुडघ्यांवर जाड. वॉश मात्र काही फिगरवर सगळीकडे ओतलाय. रुंद सपाट पत्र्यावर तो मधे वाळून चहाच्या कपानं टेबलावर उठावं तसं वर्तुळ उमटलंय. वॉश फक्त खाचेत भरायचा, आणि जिथे साचेल तिथून कोरड्या स्वच्छ ब्रशनं लगेच टिपून घ्यायचा. वाळायला लागल्यावर हात लावला की डाग आणखी वाढतो.

किडे कॉन्ट्रास्ट रंगांनी केलेले. २०१९ साली आलेला हा प्रकार म्हणजे पांढऱ्या किंवा हाडाच्या रंगाच्या प्रायमरवर एकच जाड थर, उंचवट्यावर फिका आणि खाचेत गडद होऊन बसणारा. सुरकुत्या, केस, खवले यांना उत्तम. सपाट चिलखताला वाईट. किड्यांची निवड म्हणूनच योग्य. यात एक सावधगिरी: आर्मी पेंटर कंपनीच्या स्पीडपेंट या तशाच रंगांची पहिली आवृत्ती वाळल्यावरही ओल्या ब्रशनं पुन्हा सुटत असे आणि वरच्या थरात मिसळत असे, दुसऱ्या आवृत्तीत ही भानगड काढली. कोणी जुना सेट स्वस्तात देत असेल तर आवृत्ती कोणती ते बघून घ्या.

कपाटांपैकी तिसरं कपाट चुकवू नये असं होतं, आणि ते नेमकं खांबाआड. त्यात ७५ मिमीचा मशालधारी मावळा आणि शेजारी दांडपट्टा फिरवणारा. मशालीचा उजेड अंगावर पडल्याचा आभास रंगानं निर्माण करायचा, याला मंडळी ओएसएल (ऑब्जेक्ट सोर्स लाइटिंग) म्हणतात. बहुतेक जण यात फसतात ते दोन ठिकाणी. पहिलं, ज्वाला: टोकं पिवळी आणि बुंधा लाल रंगवतात. खरी ज्वाला आतून, बुंध्याजवळ सर्वांत उजळ असते आणि टोकाकडे केशरी-लाल होत जाते. म्हणजे नेहमीच्या छायाप्रकाशाच्या उलट. दुसरं, उजेड सगळीकडे फासतात. ज्वालेपासून सरळ रेघ ओढता येईल तेवढ्याच पृष्ठभागावर उजेड पडणार, आणि अंतर दुप्पट झालं की तो चौथाई होणार. शिवाय बाकीची फिगर काळोखी असल्याशिवाय मशाल पेटल्यासारखी वाटतच नाही. या मावळ्यात ज्वाला अगदी बरोबर, हात आणि गाल बरोबर, अंगरख्याच्या चुण्यांवर केशरी उतरत जाणं तर अप्रतिम. पण पगडीच्या मागच्या बाजूलाही केशरी झाक होती, जिथे मशालीचा उजेड पोचूच शकत नाही. कपाटात मागे आरसा लावल्यामुळे ती अजूनच नजरेत भरत होती.

कातडीचा रंग हा या कपाटाचा खरा विजय. बाजारात ‘फ्लेश’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या गुलाबी गोऱ्या माणसाच्या. त्यात तपकिरी ओतून मावळा होत नाही, तो आजारी दिसतो. इथे पाया बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरचा वाटत होता, आणि सावली काळ्यानं न करता त्यातच निळा मिसळून केलेली. बर्न्ट सिएना दोन थेंब, ऑकर एक थेंब हा पाया. त्यात अल्ट्रामरीन अर्धा थेंब घातलात की सावलीचा रंग हाताशी आला. उजळ भागासाठी पांढरा घालू नका. टायटॅनियम व्हाइटनं गडद कातडी लगेच खडूसारखी दिसते. ऑकर वाढवत न्यायचा आणि शेवटी हस्तिदंतीचा अंश. नाकाचा शेंडा, कान, बोटांची पेरं यांना पातळ लालसर ग्लेझ दिला की रक्त असल्यासारखं वाटतं. ग्लेझ म्हणजे एक थेंब रंगाला सात-आठ थेंब मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी द्रव) आणि पाणी, आणि ब्रश कागदावर टिपून मगच फिगरवर.

दांडपट्ट्याचं पातं धातूचा रंग न वापरता, साध्या राखाडी-पांढऱ्या-निळ्या छटांनी चमकवलेलं. ही एनएमएम (नॉन-मेटॅलिक मेटल) पद्धत. समोरून पाहिलं तर पातं झळाळतं; दोन पावलं बाजूला सरका, झळाळी तिथेच चिकटून राहते, कारण ती रंगवलेली आहे. त्यामुळे अशी फिगर एका ठरावीक कोनातूनच बघायची असते आणि मांडणाऱ्यानं तो कोन प्रेक्षकाकडे फिरवून ठेवायला हवा. इथे पट्टेवाला तिरका उभा होता. वरच्याच फळीवर खऱ्या धातूच्या रंगानं केलेला एक नाइट होता. प्रत्यक्षात तो जास्त चमकदार वाटला, फोटोत पट्टेवाला. दोन्ही पद्धतींचा फरक कळायला याहून चांगली जोडी मिळणार नाही, फक्त ती एकाच फळीवर शेजारी-शेजारी हवी होती.

लेबलांत नाव आणि क्रमांक, बस. माप किती, फिगर धातूची, प्लास्टिकची की रेझिनची, कोणाच्या साच्यातली, कोणते रंग, यांपैकी काही नाही. बघणाऱ्यांत निम्मे तरी स्वतः रंगवणारे असतात. त्यांना नावापेक्षा कृती हवी असते.

मुंबईची हवा कपाटाकपाटांतून दिसत होती. निदान चार-पाच फिगरवर पांढुरकी धुक्यासारखी झाक होती. हे जुनं दुखणं: हवेत ओलावा असताना मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, ओल धरतो आणि थर दुधाळ होतो. जाड फवारा मारला तर आणखीच. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेला हात लावू नये, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत ती त्याच्या खाली क्वचितच येते. छोटा आर्द्रतामापक घ्या. मारायचाच असेल तर फिगर आधी एसीच्या खोलीत तासभर ठेवा, डबा कोमट (गरम नव्हे) पाण्यात पाच मिनिटं धरून दोन मिनिटं हलवा, गॅलरीत २०-२५ सेंमीवरून एक हलका फेरा मारा आणि फिगर लगेच आत आणा. बंद खोलीत स्प्रे करू नका, वाफ छातीत जाते. पावसाळ्यात खरा शहाणपणा म्हणजे ब्रशनं लावायचा पाण्याचा वॉर्निश. झाक आलीच असेल तर फिगर वाया गेली असं समजू नका: ब्रशनं ग्लॉसचा एक पातळ थर द्या, बहुतेक वेळा रंग परत येतो, मग पूर्ण वाळल्यावर ब्रशनंच मॅट.

दुसरी खूण फेविक्विकची. सांध्याभोवती पांढरी भुकटी उडाल्यासारखी दिसते ती त्याच्या वाफेची, आणि दमट, कोंदट जागेत ती जास्त बसते. एका रणगाड्याची पारदर्शक काच यातच गेली होती. पारदर्शक भागाला फेविक्विक कधीच नाही. तिथे फेविकॉल, वाळल्यावर दिसतही नाही. इतर सांध्यांना सुईच्या टोकावर मावेल तेवढाच थेंब, पंख्याखाली, आणि रंगवण्यापूर्वी.

घरच्या प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या फिगर बऱ्याच होत्या, आणि बहुतेकांचे भाले वाकलेले. गरम पाण्यात, साधारण ६० अंशांत, काही सेकंद बुडवून सरळ धरायचा आणि तसाच थंड पाण्यात न्यायचा, भाला सुधारतो. पण एका मोठ्या ड्रॅगनच्या पोटाला चीर गेली होती आणि कडेनं चिकट ओल दिसत होती, त्याला हा उपाय नाही. पोकळ प्रिंटच्या आत न धुतलेलं कच्चं रेझिन राहिलं की ते महिन्यांनी बाहेर पडायला बघतं. पोकळ प्रिंटला खाली किमान दोन भोकं हवीत, आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायला हवं, आणि छोटा यूव्ही दिवा आत घालून उरलेलं रेझिन कडक करून घ्यायला हवं. चिरलेल्या प्रिंटवर पुटी भरून रंगवणं फुकट. ती पुन्हा चिरते. आणि तो ओला चिकटपणा उघड्या बोटांनी तपासू नका.

‘रंगवून पाहा’चा कोपरा मुलांना आवडला, पण साहित्य बघून वाईट वाटलं. कागदी डिशमध्ये थेट बाटलीतला रंग, जाड चपटे ब्रश. वर एसीचा झोत, त्यामुळे पाच मिनिटांत रंगाला साय. याच्यासाठी ओली पॅलेट हवी, आणि ती घरी फुकटात होते: झाकणाचा पसरट प्लास्टिकचा डबा, तळाला किचन टिश्यूच्या तीन-चार घड्या, भिजतील आणि थोडं पाणी वर दिसेल इतक्या ओल्या, वर बेकिंगचा कागद. मेणाचा कागद चालत नाही, पाणी वर येत नाही. रंग तासन्‌तास ओला राहतो. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी आणि टिश्यू बदला, नाही तर बुरशीचा वास येतो. मुलांना सांगायची गोष्ट एवढीच होती, की रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ द्या. सांगायला कोणी नव्हतं.

स्टॉलवर नवख्यांना तीन शून्यांच्या ब्रशांचे संच खपवत होते. घेऊ नका. इतक्या बारीक ब्रशच्या पोटात रंग मावत नाही. फिगरपर्यंत पोचेपर्यंत टोक वाळतं. टोक चांगलं असलेला एक किंवा दोन नंबर घ्या, डोळासुद्धा त्यानंच होतो. विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ ही कोलिन्स्की केसांची उत्तम, आणि तितकीच महाग. सुरुवातीला सिंथेटिक गोल ब्रश पुरे, त्याचं टोक काही महिन्यांत आकडीसारखं वळलं की तो ड्रायब्रश आणि गोंदासाठी ठेवा. रंगांत वायेहो कंपनीच्या ड्रॉपर बाटल्या घ्याव्यात. झाकणाच्या डबीत कडेला रंग वाळून झाकण नीट बसत नाही आणि उरलेला रंग घट्ट होतो. बजेट कमी असेल तर गिरगावात १९३१ साली सुरू झालेल्या आपल्या कॅम्लिनच्या अ‍ॅक्रिलिक ट्यूबा जमिनीसाठी, इमारतींसाठी, ड्रायब्रशसाठी उत्तम चालतात. चेहऱ्याला त्या जाड पडतात. नुसत्या पाण्यानं पातळ केल्या तर फुटतात, अर्धं पाणी आणि अर्धं मॅट मीडियम घाला.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी शनिवारी सकाळी उघडताच जावं. रविवारी संध्याकाळी काचांवर बोटांचे ठसे असतात आणि समोर दोन रांगा. गाडी नेऊ नका, दादर पश्चिमेला लावायला जागा मिळणार नाही. फ्लॅश बंद ठेवा. फोन काचेला चिकटवून वाइड लेन्सनं काढलात तर नाक मोठं आणि पाय बारीक येतात. दीड-दोन फूट मागे सरकून दुप्पट झूम, आणि फोनच्या पडद्यावरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. सोबत्याला त्याच्या फोनचा टॉर्च बाजूनं तिरका धरायला सांगा, परवानगी विचारून. चेहरे तेव्हाच दिसतील. ज्यांनी स्वतःच्या फिगर मांडायला न्यायच्या आहेत त्यांनी बेसखाली छोटं चुंबक बसवून पत्रा लावलेल्या डब्यात न्याव्यात. फोमच्या खाचेत लोकलचे धक्के बसले की उंच कडांवरचा रंग घासून जातो, आणि इथल्या तलवारींच्या बऱ्याच टोकांवर ते दिसत होतं.

आयोजकांसाठी एक तातडीचं. शेवटच्या कपाटात जुन्या, शिशाच्या मिश्रधातूच्या काही फिगर होत्या, आणि त्यांतल्या दोघांच्या घोट्यांजवळ रंग फुगून खालून पांढरी भुकटी निघत होती. ते धूळ बसल्याचं लक्षण नाही. प्लाय आणि एमडीएफमधून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं बंद कपाटात शिसं असं खात जातं, बारीक भागांपासून सुरुवात होते. ती भुकटी विषारी आहे, फुंकर मारून उडवू नका. हातमोजे घालून, ओल्या कापडानं टिपून त्या दोन फिगर आधी त्या पेटीतून बाहेर काढा आणि काच-धातूच्या, हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवा; बाकीच्या शिशाच्या फिगरचे तळवे उलटे करून बघा, जिथे प्रायमर लागलेला नसेल तिथे लावून घ्या.